फुगणारा कण आणि पाण्याची वाट

वैशाख सरत आला कीं बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागांतील काळ्या जमिनी भेगाळतात. नांदुऱ्याहून शेगांवकडे जातांना आगगाडीच्या दोन्ही बाजूंस नजर टाकावी, तर शेतांतून हातभर खोल आणि चार बोटें रुंद अशा भेगा पसरलेल्या दिसतात. चालत्या बैलाचा खूर त्यांत अडकावा इतक्या त्या मोठ्या असतात. मृगाची पहिली सर आली म्हणजे तिचें पाणी या भेगांत पाहतां पाहतां नाहींसें होतें. पण पंधरवड्यानें त्याच शेताच्या बांधावर जाऊन उभें राहावें. भेगा मिटलेल्या असतात, सखल भागांत वीतभर पाणी सांचलेलें असतें, आणि तें खालीं उतरत नाहीं कीं बाजूस सरत नाहीं. पाऊस तोच, शेत तेंच, माती तीच. मधल्या काळांत घडलें तें एवढेंच, कीं मातीच्या कणांनीं पाणी प्यालें आणि ते फुगले. ज्या वाटेनें पाणी आंत शिरलें, ती वाट त्या पाण्यानेंच बंद करून टाकली.

माती फुगते आणि पाण्याची वाट मिटते, ही गोष्ट वऱ्हाडांतील शेतकऱ्याला कोणी सांगावी लागत नाहीं. वाफसा येईपर्यंत त्याची तिफण थांबते ती याच कारणानें. परंतु हाच गुण हातीं धरून, मुद्दाम घडविलेल्या फुगणाऱ्या कणांच्या साहाय्यानें, हजारों फूट खोल असलेल्या खडकांतील पाण्याला वळण लावण्याचें आणि त्याच्याकडून तेल बाहेर काढून घेण्याचें काम जगांत चालतें, हें मात्र फारसें ठाऊक नसतें. बुलढाणा जिल्ह्यांत खनिज तेल नाहीं. तरीहि तेलाच्या खडकांत हे कण कोणत्या नियमानें वागतात तें नीट पाहिलें, तर पूर्णेच्या कांठच्या खारपाणपट्ट्याच्या एका जुन्या दुखण्यावर बराच प्रकाश पडतो. आणि त्या पट्ट्यांत गोडें पाणी आणण्याच्या ज्या योजना आहेत, त्यांच्याविषयीं एक महत्त्वाचा इशाराहि मिळतो.

प्रथम हा फुगणारा पदार्थ काय आहे तें पाहूं. घरांतलें उदाहरण घ्यावयाचें तर सब्जाचें घ्यावें. कोरडा सब्जा चहाच्या गाळणींत ठेवून वरून पाणी ओतलें, तर प्रथम तें दाण्यांमधून सरळ खालीं जातें. तोच सब्जा घटकाभर भिजूं द्यावा. प्रत्येक दाण्याभोंवतीं पारदर्शक, बुळबुळीत असें वेष्टण तयार होतें, दाण्यांमधल्या फटी भरून निघतात, आणि आतां ओतलेलें पाणी थेंबाथेंबानें गळूं लागतें. त्या वेष्टणांत बहुतेक सारें पाणीच असतें. तरीहि तें पाण्यासारखें वाहत नाहीं. पाणी धरून ठेवणारी एक अत्यंत विरळ जाळी त्यांत असते, आणि ती जाळी त्या पाण्याला आकार देते. अशा पदार्थाला शास्त्रज्ञ ‘जेल’ म्हणतात.

कारखान्यांत होणारें जेल याच धर्तीचें असतें. लहान लहान रेणु एकापुढें एक गुंफून लांबच लांब सांखळ्या बनवितात. त्यांना पॉलिमर हें नांव आहे. या सांखळ्यांना मधून मधून एकमेकींशीं गांठी मारल्या म्हणजे जाळें तयार होतें. तेलाच्या कामांत मुख्यतः पॉलिॲक्रिलामाइड नांवाचें पॉलिमर वापरतात. त्याच्या सांखळीवर ठिकठिकाणीं ऋण विद्युद्भार असतो. सारखे भार एकमेकांस दूर लोटतात, आणि त्यांच्याभोंवतीं जमलेले धन भाराचे सोडियमचे कण पाण्याला आंत ओढतात. पाणी आंत येऊं पाहतें आणि ताणलेल्या गांठी त्याला थोपवूं पाहतात. या रस्सीखेंचीचें गणित पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनीं १९४३ सालीं मांडलें. फ्लोरी यांना पुढें १९७४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शुद्ध पाण्यांत असें जेल आपल्या वजनाच्या शेकडों पट पाणी धरतें. तान्ह्या मुलांना बांधावयाच्या हल्लींच्या लंगोटांत जी पांढरी भुकटी असते, ती याच कुळांतील होय.

परंतु या जेलांचा एक मोठा शत्रु आहे, आणि तो म्हणजे मीठ. बाहेरच्या पाण्यांत मीठ विरघळलेलें असलें, कीं त्यांतील धन कण सांखळीवरच्या ऋण भारांना झांकून टाकतात. सांखळ्यांची परस्परांविषयींची तेढ कमी होते, पाण्याला आंत ओढणारें बळ ओसरतें आणि जाळें आंखडतें. टम्म फुगलेल्या लंगोटाच्या भुकटीवर चमचाभर मीठ टाकलें, तर कांहीं मिनिटांत तिचें पाणी सुटून वाहूं लागतें; हा प्रयोग कोणत्याहि शाळेंत करून दाखवितां येईल. मीठ सोडियमचें नसून कॅल्शियमचें असेल तर परिणाम अधिकच तीव्र होतो, कारण कॅल्शियमचा एक कण दोन भार संभाळतो आणि दोन सांखळ्यांना जणू एकाच खुंट्याला बांधून टाकतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेंत काम करणारे जपानी शास्त्रज्ञ तोयोइची तानाका यांनीं १९७८ सालीं असें दाखविलें, कीं योग्य परिस्थितींत जेल हळूहळू न आंखडतां एकाएकीं कोसळल्याप्रमाणें लहान होतें. तेव्हां फुगणें किंवा न फुगणें हा केवळ कणाचा स्वभाव नव्हे. भोंवतालच्या पाण्यांत कोणतें मीठ किती आहे, यावर तो स्वभाव ठरतो. पुढील सारें विवेचन या एका वाक्यावर उभें आहे.

आतां तेलाच्या विहिरीकडे वळूं. पुष्कळांची समजूत अशी असते, कीं जमिनीखालीं तेलाचें तळें असतें आणि नळ आंत सोडला कीं तें वर येतें. वस्तुतः तेल असतें तें खडकाच्या छिद्रांत, पाण्यानें भिजलेल्या विटेंत पाणी असतें तसें. महाराष्ट्राचें सर्वांत जवळचें उदाहरण म्हणजे मुंबई हाय. मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरांवर, अरबी समुद्राच्या तळाखालीं १९७४ सालीं ‘सागर सम्राट’ या तरत्या यंत्रनौकेनें तेलाचा शोध लावला आणि १९७६ पासून तेथील तेल वर येऊं लागलें. तेथला मुख्य तैलखडक चुनखडीचा आहे. त्याच्या थरांमध्यें दुसरे थर शिरलेले आहेत, आणि प्रत्येक थराची पाणी वाहूं देण्याची शक्ति वेगळी आहे.

आरंभीं खडकांतील स्वाभाविक दाबानेंच तेल वर चढतें. तो दाब ओसरला कीं एका बाजूच्या विहिरींतून पाणी आंत दाबतात आणि त्याच्या रेट्यानें दुसऱ्या बाजूच्या विहिरींकडे तेल ढकलतात. युक्ति सोपी दिसते. पण पाणी हें फार आळशी असतें. खडकांत एखादी भेग असेल, एखादा मोठ्या छिद्रांचा पट्टा असेल, तर सारें पाणी त्यांतूनच धांवतें. पाटाचें पाणी वाफ्यांत सोडावें आणि तें खेकड्याच्या बिळांतून परस्पर नाल्याला जाऊन मिळावें, तसा हा प्रकार. वाफा कोरडा राहतो तसा बारीक छिद्रांचा खडक तेलानें भरलेलाच राहतो, आणि तेल काढणाऱ्याच्या पदरीं आपणच आंत घातलेलें पाणी पुन्हां पडतें. जुन्या तैलक्षेत्रांतून वर येणाऱ्या द्रवाच्या शंभर घागरींत नव्वद घागरी पाणी असणें ही नवलाची गोष्ट नाहीं. जगांतील तैलसांठ्यांचा सरासरी विचार केला, तर खडकांतील तेलापैकीं तिसरा हिस्सा वर आला तरी खूप झालें, असें मानतात. बाकीचें खालींच राहतें.

यावर पहिला उपाय म्हणजे पाण्यांतच थोडें पॉलिमर विरघळवून त्याला दाट करणें. दाट पाणी बिळांतून तितकें धांवत नाहीं. तें पसरून चालतें. चीनमधील दाचिंग क्षेत्रांत १९९६ पासून हें काम फार मोठ्या प्रमाणावर झालें. गुजरातेंतील साणंद क्षेत्रांत त्याचे प्रयोग १९८० नंतरच्या दशकांत सुरू झाले, आणि राजस्थानांत बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्रांत त्याच मार्गानें गेल्या दशकांत मोठें काम उभें राहिलें. परंतु जेथें खरोखरीच बीळ आहे, तेथें दाट पाणीहि शेवटीं पाणीच. तेथें बूच पाहिजे.

बूच बसविण्याची जुनी पद्धति विरजणासारखी आहे. पॉलिमरच्या द्रावणांत क्रोमियमचें मीठ मिसळून तें पातळ असतांनाच खडकांत सोडतात. खालच्या उष्णतेंत कांहीं काळानें तें दह्यासारखें घट्ट होतें. पण विरजण लावणाऱ्या प्रत्येक गृहिणीला जी चिंता असते, तीच येथेंहि असते. तें लवकर लागलें तर विहिरीच्या तोंडाशींच लागेल; उशीरा लागलें तर कोठल्या कोठें वाहत जाईल; आणि वाटेंत खडकांतलें पाणी मिसळलें तर कदाचित् लागणारहि नाहीं. हजारों फूट खालीं जाऊन भांडें हलवून पाहण्याची सोय नाहीं.

म्हणून जेल आधींच कारखान्यांत घट्ट करून, वाळवून, दळून त्याचे दाणे करावे आणि ते दाणे पाण्याबरोबर आंत सोडावे, ही कल्पना पुढें आली. चीनमधील तैलक्षेत्रांत १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिचा उपयोग होऊं लागला, आणि नंतर अमेरिकेंत मिसूरीच्या विद्यापीठांत बाओजुन बाय यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिचा पुष्कळ अभ्यास केला. दाणे केसाच्या जाडीपासून बाजरीच्या दाण्यापर्यंत निरनिराळ्या आकारांचे करतां येतात. यांतील खुबी अशी, कीं फुगलेला दाणा बारीक छिद्रांत शिरूंच शकत नाहीं. तेलानें भरलेला बारीक छिद्रांचा खडक त्यामुळें सुरक्षित राहतो. दाणा जातो तो पाणी जेथें धांवत असतें तेथेंच, म्हणजे भेगेंत आणि मोठ्या छिद्रांच्या पट्ट्यांत. तो मऊ असल्यामुळें अरुंद जागीं लांबट होऊन निसटतो, पुढें जाऊन पुन्हां गोल होतो, आणि त्याचे सोबती त्याच्यामागें रचले जाऊन वाट भरत आणतात. मग मागून येणाऱ्या पाण्याला दुसरी, अवघड वाट शोधावी लागते, आणि त्या अवघड वाटेवर तेल असतें. चोराच्याच वाटेनें जाऊन चोराची वाट अडविणारा हा पहारेकरी आहे.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण विक्रेत्यांच्या पत्रकांत ती बहुधा बारीक टाइपांत असते. शेकडों पट फुगण्याचे जे आंकडे छापतात ते ऊर्ध्वपातित पाण्यांतले असतात. तैलखडकांतलें पाणी पुष्कळदां समुद्रापेक्षांहि खारें असतें. तेथें तोच दाणा दहापांच पटींनीं कमी फुगतो. म्हणून शहाणा तंत्रज्ञ त्या त्या खडकाचें पाणी आणून त्यांतच दाणा भिजवून पाहतो आणि मगच त्याचा आकार ठरवितो. शेतांत ओल टिकविण्यासाठीं दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें तयार केलेलें ‘पुसा हायड्रोजेल’ याच जातीचें आहे. कोरडवाहू शेतीला तें उपयोगी पडलें तरी खाऱ्या विहिरीच्या पाण्याजवळ त्याच्याकडूनहि तीच अपेक्षा ठेवतां येत नाहीं.

तेलाची विहीर खणतांना फुगणाऱ्या कणाची आणखी एक जात वापरतात, आणि ती मात्र निसर्गानेंच घडविलेली आहे. खणणाऱ्या पात्याभोंवतीं जो चिखल फिरवितात, त्यांत बेंटोनाइट नांवाची माती असते. भारतांत ती कच्छ आणि बाडमेर या भागांत सांपडते. ती पाण्यांत फुगते, विहिरीच्या बाजूंवर पातळ लेप धरते आणि चिखलांतलें पाणी खडकांत मुरूं देत नाहीं. तिच्यांतील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. फ्रान्समधील एका गांवावरून त्याला हें नांव पडलें. हें खनिज ज्या कुळांतलें आहे, त्याच कुळांतील खनिजें काळ्या कातळाची झीज होऊन तयार झालेल्या वऱ्हाडच्या कापसाच्या जमिनींत विपुल आहेत. तेव्हां तेलाच्या विहिरीचा कारागीर ज्या वस्तूसाठीं पैसे मोजतो, तिची सख्खी बहीण नांदुऱ्याच्या आणि संग्रामपूरच्या शेतकऱ्याच्या पायांखालीं पसरलेली आहे.

या मातीचा कण म्हणजे कागदाच्या गठ्ठ्यासारखा एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांचा असतो. एक पापुद्रा मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा जाड. त्यावरहि, पॉलिमरच्या सांखळीप्रमाणेंच, ऋण भार असतो, आणि तो भागविण्यासाठीं पापुद्र्यांमध्यें धन कण बसलेले असतात. हे कण कॅल्शियमचे असले, तर पाणी आंत शिरून पापुद्रे थोडे दूर सरतात, आणि तेथेंच थांबतात. कॅल्शियमची दुहेरी पकड त्यांना पुढें जाऊं देत नाहीं. पण तेच कण सोडियमचे असले आणि भोंवतालचें पाणी पुरेसें निर्मळ असलें, तर पापुद्रे सरतच राहतात, गठ्ठा सुटतो, आणि मातीचें अक्षरशः जेल होतें. बारीक पापुद्रे पाण्याबरोबर खालीं जाऊन उरलेल्या छिद्रांत अडकतात. अशा जमिनीला मराठींत चोपण म्हणतात, आणि शब्द अगदीं अचूक आहे. ओली असतांना ती पायाला लोण्यासारखी लागते आणि वाळली म्हणजे तिचीं ढेंकळें कुदळीनेंहि फुटत नाहींत.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारें ४,७०० चौरस किलोमीटरांचा खारपाणपट्टा आहे. बुलढाण्याच्या बाजूला नांदुरा, शेगांव, संग्रामपूर आणि जळगांव जामोद या तालुक्यांतील पुष्कळ गांवें त्यांत येतात. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगराची रांग, आणि मध्यें नदीनें आणून टाकलेल्या गाळाचा अतिशय जाड थर. जमीन इतकी सपाट, कीं पाण्याला वाहून जाण्याची घाई नसते. विहीर खणली तर खारें पाणी लागतें. अकोल्याच्या बाजूस दहिहंड्याकडे एके काळीं अशा विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत. विहीर आहे पण ओलीत नाहीं, अशी या गांवांची स्थिति. पिण्याच्या पाण्याचे हाल तर वेगळेच. अर्थात् सारी मदार पावसावर, आणि एखाद्या वर्षीं पोळ्यानंतर पावसानें ओढ दिली, कीं कपाशीचीं बोंडें डोळ्यांदेखत वाळतात.

खाऱ्या पाण्याचा त्रास उघड दिसतो. मातींतल्या सोडियमचा त्रास लपून असतो. अमेरिकेच्या कृषि खात्यानें १९५४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आणि जगभर प्रमाण मानल्या गेलेल्या पुस्तकानें असें ठरविलें होतें, कीं मातीच्या कणांवरील बदलतां येणाऱ्या धन भारापैकीं शेंकडा १५ हून अधिक भार सोडियमचा असेल, तर ती जमीन चोपण समजावी. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं पूर्णेच्या खोऱ्यांतील जमिनी प्रत्यक्ष तपासल्या, तेव्हां त्यांना आढळून आलें, कीं येथें हें प्रमाण ५ च्या आसपास पोंचलें तरी पाणी खालीं उतरण्याचा वेग पिकाला जाचक होईल इतका मंदावतो. परदेशांतील पुस्तकानें जिला निर्दोष म्हटलें असतें, ती जमीन येथें आजारी होती. फुगणाऱ्या मातीचा अंश इतका अधिक, कीं सोडियमचा थोडासा कावाहि तिला पुरतो.

याहूनहि मोठें कोडें पाण्याच्या निर्मळपणाचें आहे. इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथें क्वर्क आणि स्कोफील्ड या दोघांनीं १९५५ सालीं एक साधा पण फार मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. सोडियम असलेल्या मातींतून त्यांनीं प्रथम खारट पाणी सोडलें. तें नीट वाहिलें. मग पाण्यांतील मीठ क्रमाक्रमानें कमी करीत नेलें. एका मर्यादेपर्यंत वाहणें चालू राहिलें, आणि ती मर्यादा ओलांडतांच मंदावूं लागलें. मीठ आहे तोंवर पापुद्रे आंखडलेले असतात. मीठ गेलें कीं ते फुगतात. तानाकांच्या जेलाचा आणि या मातीचा नियम एकच. तैलतज्ज्ञांनाहि याचा चटका बसलेला आहे: चिकणमाती असलेल्या वाळूच्या खडकांत गोडें पाणी दाबलें आणि खडकच कोंडला, असें घडलें, तेव्हांपासून ते आंत सोडावयाच्या पाण्यांत जाणूनबुजून पोटॅशियमचें किंवा तसलें दुसरें मीठ घालतात.

खारपाणपट्ट्यांतील शेतकरी या नियमाच्या दोन्ही बाजूंनीं कोंडीत सांपडतो. विहिरीचें खारें पाणी दिलें तर त्या दिवसापुरतें तें जमिनींत उतरतें, पण पीक करपतें आणि मातीवर सोडियमची भर पडते. पुढें मृगाचा पाऊस येतो. पावसाच्या पाण्याइतकें निर्मळ पाणी दुसरें नाहीं, आणि म्हणूनच तें वरच्या थरांतलें मीठ धुऊन काढतांच मातीचे पापुद्रे फुगवितें आणि स्वतःचीच वाट बंद करतें. वर पाणी तुंबतें, मुळ्या गुदमरतात, आणि हातभर खालीं माती कोरडीच असते. पाऊस पुरेसा झाला असें पर्जन्यमापक सांगतो. पिकाला तें पटत नाहीं.

यांतील दैवाचा खेळ असा, कीं या जमिनींत कॅल्शियमचा दुष्काळ मुळींच नाहीं. नांगरटींत पांढरे चुनखडीचे खडे हवे तितके निघतात. पण तो कॅल्शियम दगडांत कुलूपबंद आहे. कोरड्या हवामानांत मातींतल्या पाण्यामधून चुना खड्यांच्या रूपानें वेगळा पडत जातो, पाण्यांत उरतो तो सोडियम, आणि कॅल्शियमनें मोकळी केलेली जागा तो बळकावतो. हीच क्रिया येथील जमिनी चोपण होण्याच्या मुळाशीं आहे, असें नागपूरच्या अभ्यासकांनीं दाखविलें. घरांत धान्याचें कोठार भरलेलें आणि किल्ली हरवलेली, अशी ही अवस्था आहे.

किल्ली दोन प्रकारें मिळते. एक म्हणजे जिप्सम. जिप्सम हा कॅल्शियमचाच क्षार, पण चुनखडीपेक्षां पुष्कळ अधिक विरघळणारा; एक लिटर पाण्यांत सुमारें अडीच ग्रॅम. तो पाण्यांत थोडें मीठहि ठेवतो, त्यामुळें पापुद्रे लगेच फुगत नाहींत. आणि कॅल्शियमहि पुरवितो, त्यामुळें सोडियम जागेवरून उठतो. उठलेला सोडियम मात्र पाण्याबरोबर बाहेर निघून गेला पाहिजे. तो तेथेंच राहिला, तर पाहुणा ओसरीवरून उठून माजघरांत जाऊन बसल्यासारखें होतें. म्हणून जिप्समबरोबर चर पाहिजेत, निचरा पाहिजे, आणि सपाट पूर्णाकांठीं हेंच काम सर्वांत अवघड आहे. जिप्समचीं पोतीं वांटून छायाचित्रें काढणें सोपें; दहा शेतकऱ्यांच्या बांधांतून एक चर काढणें कठीण. दुसरी किल्ली हिरवळीच्या खताची. ताग किंवा ढैंचा मातींत गाडला, म्हणजे तो कुजतांना जीं सौम्य आम्लें तयार होतात, तीं चुनखडीला हळूहळू विरघळवितात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें या दोन्ही उपायांवर पूर्णेच्या खोऱ्यांत प्रयोग केले आहेत. किती जिप्सम घालावें, याला सर्वांसाठीं एकच आंकडा नाहीं. तें माती तपासल्यावांचून ठरत नाहीं.

या मातीच्या दोषाचा गुण करून घेण्याचीहि एक जागा आहे, आणि ती म्हणजे शेततळें. डोंगरकडील मुरमाड गांवांत तळ्यांत प्लॅस्टिकचें अस्तर घालावें लागतें. खारपाणपट्ट्यांत फुगलेली माती स्वतःच अस्तर होते. तेलाच्या विहिरींत बेंटोनाइट करतें तेंच काम येथें फुकट होतें. जागतिक बँकेच्या साहाय्यानें २०१८ पासून राबविल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण गांवें मुद्दाम घेतलीं होतीं. पावसाचें पाणी तळ्यांत धरून ठेवावें आणि कपाशीला किंवा हरभऱ्याला एक-दोन वेळां द्यावें, इतकें साधलें तरी एक हंगाम वांचतो.

परंतु मोठी आशा आहे ती धरणाच्या पाण्याची. नांदुरा तालुक्यांत जिगांव येथें पूर्णेवर धरणाचें काम दीर्घकाळ रखडत चाललेलें आहे. त्यापायीं कित्येक गांवांना आपलीं घरेंदारें सोडावीं लागत आहेत, आणि त्या पाण्याकडे खारपाणपट्ट्याच्या दोन पिढ्यांचे डोळे लागले आहेत. ती आशा योग्यच आहे. मात्र गोडें पाणी आलें म्हणजे खारपाण संपलें, हा जो समज सभांतून पसरविला जातो, तो मातीला मान्य होणारा नाहीं. सोडियम बसलेल्या जमिनीवर गोडें पाणी, आणि तेंहि मोकळ्या पाटानें, भरपूर सोडलें, तर रोथॅमस्टेडच्या नळींत जें झालें तेंच शेतांत होईल. वाट मिटेल, पाणी वर तुंबेल, आणि खालचें खारें पाणी वर चढूं लागेल. नळांतून, मोजून, थोडें थोडें पाणी देणें. पाण्याच्या अगोदर निचऱ्याचे चर काढणें. आणि जिप्समचा खर्च पाटबंधाऱ्याच्या खर्चाचाच एक भाग मानणें, या गोष्टी पाणी येण्यापूर्वीं ठरल्या पाहिजेत. तेलाचा तंत्रज्ञ खडकांतलें पाणी तपासल्याखेरीज मूठभर दाणेहि आंत सोडीत नाहीं. गांवोगांवच्या जमिनी तपासल्याखेरीज त्यांवर नदी सोडणें, याला धाडस म्हणावें कीं दुसरें कांहीं, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

आपली जमीन कोणत्या जातींत मोडते, हें पाहण्याची एक परीक्षा मात्र प्रयोगशाळेवांचूनहि करतां येते. एमर्सन या शास्त्रज्ञानें १९६७ सालीं ती शास्त्रीय रीतीनें मांडली. पावसाचें पाणी स्वच्छ भांड्यांत धरून तें कांचेच्या पेल्यांत घ्यावें. विहिरीचें पाणी चालणार नाहीं. शेतांतील हातभर खोलीवरचें, सावलींत वाळविलेलें, हरभऱ्याएवढें ढेंकूळ त्यांत अलगद सोडावें आणि पेला न हलवितां दोन तास तसाच ठेवावा. ढेंकूळ नुसतें फुटून तळाशीं पसरलें आणि पाणी नितळ राहिलें, तर फारशी चिंता नाहीं. पण ढेंकळाभोंवतीं दुधासारखा धुरकट ढग उठला आणि तो हळूहळू पेलाभर पसरला, तर पापुद्रे सुटत आहेत असें समजावें. दुसऱ्या पेल्यांत तेंच पावसाचें पाणी घेऊन त्यांत आधीं चिमूटभर जिप्सम ढवळावें, गाळ बसूं द्यावा, आणि त्याच शेतांतलें तसलेंच ढेंकूळ सोडावें. दोन्ही पेले शेजारीं शेजारीं ठेवून संध्याकाळपर्यंत पाहत राहावें.